खोगिराची डावी बाजू

सरजाबाईच्या घरी घोडा कधीच नव्हता, पण घरातली अर्धी जागा घोड्यासाठी अडलेली होती. गंगाखेडला आमच्या गल्लीत तिचं दोन खणांचं घर. आत पाय टाकला की कातड्याचा आणि एरंडेलाचा वास यायचा. भिंतीला लाकडी सांगाडे टांगलेले, कोपऱ्यात चिंध्यांची गाठोडी, लोकरीची पोती, आणि या सगळ्यांच्या मागे ज्वारीची कणगी. स्वैपाकाला ज्वारी काढायची तर सरजाबाईला रोज तिरकं होऊन आत शिरावं लागायचं. नवरा बन्सीधर जीनगर. घोड्यांची जीनं आणि खोगिरं शिवणं हा त्यांचा वाडवडिलांपासूनचा धंदा.

सासऱ्यांना या धंद्याचा सगळा इतिहास तोंडपाठ होता आणि तो जेवताना सांगायची त्यांना सवय होती. आधी माणूस घोड्याच्या उघड्या पाठीवर बसला आणि पडला. मग त्यानं घोंगडं टाकून दोरीनं आवळलं. घोंगडं सरकलं, तो पुन्हा पडला. मग कुणा शहाण्यानं दोन गाद्या शिवल्या, कण्याच्या या अंगाला एक, त्या अंगाला एक, आणि मधे कण्याला मोकळी वाट ठेवली. ते खोगीर. पुढे रिकीब आली, पाय टेकायला जागा झाली आणि माणूस पळत्या घोड्यावर उभा राहून भाला मारायला लागला. त्याच्याही पुढे लाकडाचा सांगाडा, त्यावर कातडं, कातड्यावर पितळी फुलं. ते जीन. निजामाच्या घोडेस्वार पोलिसांसाठी विलायती घाटाचं सपाट जीन आलं तेव्हा सासऱ्यांच्या वडिलांनी ते उसवून बघितलं होतं आणि हुबेहूब दुसरं शिवून दिलं होतं. इथपर्यंत आलं की सासरे पाणी मागायचे.

सरजाबाई भाकरी वाढता वाढता ऐकायची. पडणारा, बसणारा, भाला मारणारा सगळा माणूसच. घोड्याची पाठ या गोष्टीत यायची ती फक्त शेवटी, ती लागली की. पाठ लागणं म्हणजे खोगीर घासून घोड्याचं कातडं सोलवटणं. आणि पाठ लागली की ती लागायची सुनेच्या भरतीमुळे.

कारण घरातली वाटणी तशी होती. कातडं कापणं, सांगाडा बसवणं, पितळ ठोकणं पुरुषांचं. खोगिरात भरायचं काम बाईचं. चिंध्या निवडायच्या, त्यातल्या शिवणी आणि गुंड्या काढून टाकायच्या, लोकर पिंजायची, थरावर थर देत दाभणानं दाबत न्यायचं आणि मेणाच्या दोऱ्यानं टाके घालायचे. पण ज्या घोड्यासाठी हे करायचं तो घोडा बाईनं बघायचा नाही. माप घ्यायला पुरुष जाणार, देशमुखाच्या तबेल्यात नाहीतर माळेगावच्या जत्रेत, आणि घरी येऊन तोंडानं सांगणार. खांदा उंच हाय, मागं उतरती हाय, पोटाला गोल हाय. सरजाबाईनं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं की मला एकदा घोड्याच्या पाठीवरून हात फिरवू द्या. सासरे हसले होते. बाईचा हात लागला की जनावर बिथरतं, म्हणाले. बन्सीधर म्हणाला, लोक काय म्हणतील.

मग त्यावर बन्सीधरनंच तोड काढली. आतल्या खोलीचं दार लावून तो हातापायांवर ओणवा झाला आणि म्हणाला, घाल. तेव्हा तो तरणा होता, तीही नवी होती. तिनं खोगीर त्याच्या पाठीवर ठेवलं तर तो खिंकाळला. ती तोंडात पदर कोंबून हसत खाली बसली आणि बाहेरून सासऱ्यांनी विचारलं की काय चाललंय. त्या दिवसापासून ती पद्धतच पडली. भरती झाली की दार लागायचं, बन्सीधर ओणवा व्हायचा, खोगीर त्याच्या पाठीवर चढायचं आणि सरजाबाई त्याच्याखाली तळहात घालून बघायची कुठे पोकळ आहे, कुठे टोचतंय. पोकळ लागेल तिथे मूठभर लोकर. पुढेपुढे तो खिंकाळेनासा झाला, नुसता जांभया द्यायचा. कधी त्या अवस्थेतच तंबाखू मळायचा आणि तिला म्हणायचा, आटप लवकर, गुडघे दुखायलेत.

नामांतराच्या दंगली झाल्या त्या वर्षी सासरे गेले. तोपर्यंत धंदाही विटला होता. घोडेस्वार पोलीस निजामाबरोबरच गेले होते, देशमुखांच्या तबेल्यात जीप उभी राहिली होती. उरल्या त्या वरातीच्या घोड्या. नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो, तेवढ्यापुरतं खोगीर लागायचं. मुलगा उद्धव परभणीला गेला आणि तिथे त्यानं मोटारसायकलच्या सीटा शिवायचं दुकान टाकलं. रेक्झीन आणि स्पंज. तोही जीनगरच, पण त्याचं गिऱ्हाईक दुकानासमोर आणून उभं करता यायचं.

तक्रारी वाढल्या त्या याच काळात. पूर्वी एखादी यायची, आता प्रत्येक खोगिराची यायला लागली. घोडीची पाठ लागली, डाव्या बाजूला लागली. बन्सीधर गिऱ्हाइकासमोर मान हलवायचा आणि म्हणायचा, भरती बसली असंल, घरात सांगतो. मग घरात सांगायचा. सरजाबाईनं चिंध्या सोडून नुसती लोकर घातली. लोकर सोडून शेळीचे केस घातले. सगळं भरलेलं पुन्हा उसवून, धुऊन, वाळवून, बोटांनी चाचपून घातलं. गल्लीतल्या आम्ही बायका तिच्याकडे बसायला गेलो की तिच्या मांडीवर उसवलेलं खोगीर असायचंच, आणि आमच्या बोलण्यात तिचं लक्ष नसायचं. एकदा मी विचारलं की काय शोधताय एवढं. म्हणाली, "त्यात काय टोचतंय ते. मला तर काहीच टोचत नाही."

ताडकळसचा चंद्रभान हे त्यांचं शेवटचं टिकलेलं गिऱ्हाईक. लाडी नावाची त्याची पांढरी घोडी आसपासच्या सगळ्या लग्नांत असायची. त्यानं त्या वर्षी स्पष्ट सांगून टाकलं की एवढ्या बारीला पाठ लागली तर मी नांदेडहून स्पंजाचं आणणार. त्याला झालर पण असते, म्हणाला. बन्सीधरनं घरात येऊन सरजाबाईला झालरीसकट सगळं ऐकवलं.

आणि उन्हाळ्यात एका दुपारी चंद्रभान लाडीला घेऊन, खोगीर स्वतःच्या खांद्यावर टाकून, थेट दारात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी गंगाखेडात लग्न होतं. नामांतरावरून पुन्हा बंद पुकारलेला, एसटी बंद, त्यामुळे रस्त्यात काही अडचण नको म्हणून तो पहाटेच घोडी चालवत निघाला होता. बन्सीधर त्याच बंदमुळे परभणीला उद्धवकडे अडकलेला. घरात सरजाबाई एकटी.

"वहिनी, भाऊ न्हाईत?" चंद्रभान म्हणाला. "मंग आता म्या काय करू? ही पाठ बघा. उद्या नवरदेव बसवायचा हिच्यावर."

सरजाबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. तिथून घोडीची उजवी बाजू दिसत होती आणि उजव्या बाजूला काहीच नव्हतं. तिनं घोडी फिरवायला सांगितलं. चंद्रभाननं फिरवली. डाव्या अंगाला, खांद्याच्या मागे, तळहाताएवढा लाल चट्टा. माश्या बसत होत्या.

ती खाली उतरली. गल्लीत दुपारची सामसूम होती. चंद्रभान म्हणाला की लांबून बघा, लाथ मारंल. तिनं ऐकलं नाही. आधी मानेवर हात ठेवला, मग खांद्यावर, मग दोन्ही हात पाठीच्या दोन्ही अंगांवरून मागे नेले. लाडीनं कान हलवले आणि उभी राहिली. बिथरली वगैरे काही नाही.

पाठ दोन्हीकडे सारखी होती. सरजाबाईनं पुन्हा हात फिरवला. तिला जी पाठ ठाऊक होती ती अशी नव्हती. तिच्या हाताला सवय होती ती उजवीकडे भरलेल्या आणि डावीकडे, खांद्याच्या मागे, दबलेल्या पाठीची. तिथे खोलगट लागायचं आणि म्हणून तिथे ती दरवेळी मूठभर लोकर जास्त घालायची. इथे तर खोलगट नव्हतंच. मग ती कुणाची पाठ होती, हे कळायला तिला क्षणभर लागलं. जन्मभर डावा खांदा पाडून कातड्यावर वाकून बसलेल्या माणसाची. सदरा शिवताना ती त्याच्या डाव्या खांद्याला नेहमी टीप घालायची, नाहीतर सदरा त्या बाजूला लोंबायचा. ही टीप घालणारीही तीच आणि ती लोकर घालणारीही तीच. जिल्ह्यातल्या सगळ्या घोड्यांना तिनं बन्सीधरच्या मापाची खोगिरं घातली होती.

मला हे सांगताना ती म्हणाली की त्या वेळी हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. इतकी चीड आली की खोगीर उचलून उकिरड्यावर टाकावं वाटलं.

टाकलं नाही. भिंतीच्या सावलीत बसून तिनं डावी बाजू उसवली. एक मूठ काढायची, उठायचं, खोगीर लाडीच्या पाठीवर ठेवायचं, खाली हात घालायचा, पुन्हा उतरवायचं. चट्ट्याच्या जागी तिनं मुद्दाम वाटीसारखी पोकळी ठेवली, जखमेला काही लागू नये म्हणून. चंद्रभान गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघत उभा होता. एकदा म्हणाला, वहिनी, एखादी चादर बांधू का आडोशाला. ती म्हणाली, उजेड जातो.

उन्हं उतरायच्या आत झालं. खोगीर बसलं. पोटाखालचा तंगाचा पट्टा आवळला तरी लाडीनं पाठ चोरली नाही. चंद्रभाननं तिला गल्लीत दोनदा फिरवून आणलं.

"राग मानू नका वहिनी," तो म्हणाला, "पर हे भाऊनं केलं म्हणून सांगतो म्या. लग्नाघरी कळलं की नवरदेवाच्या घोडीला बाईनं हात लावला, तर उगं तोंडाला तोंड."

सरजाबाई म्हणाली, सांगा. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. घोडीची पाठ लागायची नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

लागलीही नाही. वरात आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. आम्ही मुंडावळ्या बघत होतो, सरजाबाई घोडीचे कान.

बंद उठला तसा बन्सीधर परतला. त्याला मोंढ्याच्या बाजारातच कुणीतरी सांगितलं की यंदा तुझं खोगीर नामी बसलं. तो खुशीत घरी आला. सरजाबाईनं त्याला जेवू दिलं आणि मग सगळं सांगितलं, अगदी हातानं दाखवून. इथं तुमची पाठ दबलीये, इथं मी भरते, तेच घोडीला रुततं.

बन्सीधर आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाही.

"म्हणजे म्या वाकडा हाय म्हणून घोडीला जखम झाली?"

"तसं न्हाई. माप घोडीचं घ्यायला पायजे, एवढंच म्हणायलेय मी. मला घोड्याजवळ घेऊन चला. पुढची भरती मी हात लावल्याबिगर करणार न्हाई."

त्यानं दुसरं काही ऐकलं नाही. वाकडा हा शब्द तिनं उच्चारलासुद्धा नव्हता, पण पुढचे कित्येक दिवस तो तोच धरून बसला. भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणायचा, वाकड्या माणसाला काय चव कळती. आरशासमोर उघड्यानं उभा राहून खांदे बघायचा आणि ती आली की सदरा ओढायचा. इतक्या वर्षांच्या तक्रारी त्यानं तिच्यावर ढकलल्या होत्या, त्याबद्दल एक अक्षर नाही. ती वाट बघत होती की निदान "चुकलं" नाही तर "बरं" तरी म्हणेल.

मग पेडगावचं काम आलं. तिथल्या गोविंदरावांनी माळेगावच्या जत्रेतून हौसेनं घोडा आणला होता आणि त्यांना जुन्या पद्धतीचं खोगीर हवं होतं. सरजाबाईनं आपलं म्हणणं सोडलं नाही. बन्सीधर दोन दिवस फुगला आणि शेवटी म्हणाला, चल मग. तिनं चांगलं लुगडं नेसलं. परभणीला गाडी बदलून ते पेडगावला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. घोडा अंगणापलीकडच्या गोठ्यात बांधलेला दिसत होता. काळा, उंच.

पण अंगण ओलांडायच्या आधीच गोविंदरावांच्या पत्नी विमलबाई पुढे आल्या आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेल्या. चांगली बाई होती. हळदीकुंकू लावलं, चहा टाकला, मुलं किती, सून कुठली, सगळं विचारलं. सरजाबाई उत्तरं देत होती आणि कान बाहेर लावून बसली होती. शेवटी तिनं सांगितलं की मला घोडा बघायचाय. विमलबाई कौतुकानं म्हणाल्या, बघा की, आणि स्वैपाकघराची खिडकी उघडून दिली. गजांमधून घोडा दिसला. बन्सीधर त्याच्या पाठीवर वीत टाकत होता. डावा खांदा पाडून.

चहा पिऊन होतो न होतो तोच तो दाराशी आला आणि म्हणाला, चल, माप झालं, गाडी चुकंल. ती पुढच्या दारालगतच्या ढाळजेपर्यंत आली. तिथे गोविंदराव आणि आणखी दोघं बसले होते. ती थांबून बन्सीधरला म्हणाली, हात लावायचा राहिला. हळूच म्हणाली होती, तरी गोविंदरावांना ऐकू गेलं. ते मोठ्यानं हसून म्हणाले की अहो, बाईमाणसाला घोड्याची भलती हौस दिसते, पुढच्या वेळी बसवूनच फिरवू. सगळे हसले. बन्सीधरही हसला. तो तिच्याकडे न बघता पायऱ्या उतरला आणि एवढ्या माणसांत एकटीनं गोठ्याकडे चालत जायला तिचे पाय उचलले नाहीत. ती त्याच्या मागे गेली.

गाडीत तो नेहमीसारखं सांगायला लागला. खांदा उंच हाय, कंबर रुंद हाय. ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिनं शिवून तयार असलेलं रिकामं खोगीर आणि लोकरीचं पोतं त्याच्यापुढे आणून ठेवलं.

"तुमीच भरा," म्हणाली.

त्यानं लोकर हातात धरून बघितली, मग बाजूला ठेवली आणि परभणीहून उद्धवकडून स्पंज आणला. सुरीनं दोन सारखे तुकडे कापले, दोन्हीकडे घातले, टाके घातले. एका बैठकीत झालं. गोविंदराव खोगीर घेऊन गेले आणि त्यांची कधीही तक्रार आली नाही. सरजाबाई तक्रारीची वाट बघत होती, हे ती कबूल करायची. पण त्या घोड्यावर कुणी फारसं बसतच नव्हतं. बन्सीधर गल्लीत सांगत सुटला की स्पंजाला ना पिंजायची कटकट ना निवडायची, आमच्या बापाला हे मिळालं असतं तर. आतल्या खोलीचं दार आता उघडंच असायचं. सरजाबाईनं लोकरीचं एक पोतं उशांना वापरलं. कणगीकडे जायला सरळ वाट झाली.

दिवाळीनंतर चंद्रभान आला. पावसाळ्यात हिरवं खाऊन लाडी अंगानं सुटली होती, खोगीर वर उचललं जात होतं. लग्नसराई तोंडावर. समोरच्या कट्ट्यावर नेहमीचे तिघेचौघे बसलेले. बन्सीधर म्हणाला, काढून टाकू जुनं सगळं, स्पंज घालतो. चंद्रभान म्हणाला, नको, मागच्या बारीला केलं होतं तसंच पाहिजे. तस्संच, असं त्यानं दोनदा म्हटलं आणि दाराच्या आत बघितलं.

सरजाबाई आत ज्वारी निवडत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. ती उठून उंबऱ्यापर्यंत आली. लाडी पाठ वळवून उभी होती, डाव्या बाजूचा चट्टा भरून तिथे नवे केस आले होते.

"चंद्रभानभाऊ," ती म्हणाली, "मागच्या बारीला कुणी केलं होतं?"

कट्ट्यावरचे इकडे वळून बसले. बन्सीधर सुरीला धार लावत होता, त्यानं मान वर केली नाही. चंद्रभाननं लाडीची दोरी या हातातून त्या हातात घेतली. कट्ट्याकडे बघितलं, बन्सीधरकडे बघितलं.

"भाऊनंच की," तो म्हणाला.

"मंग भाऊच करतील," सरजाबाई म्हणाली आणि आत गेली.

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. बाहेर बन्सीधर टाके उसवायला लागला होता आणि चंद्रभान काहीबाही बोलत होता, यंदा तिथी कमी आहेत वगैरे. मधे एकदा लाडी फुरफुरली. सरजाबाईचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. थोड्या वेळानं बन्सीधरनं हाक मारली.

"उद्धवची माय, भरतीला दाभण कुठंय?"

तो आत आला, फळीवर बघितलं, पोत्यामागे बघितलं, डबे हलवले. जन्म गेला त्याचा त्या घरात. ती खडे वेचत राहिली.